सहीचा धनी

बोर्दो शहरात गारोन नदीला लागून लुई अठराव्याच्या नावाचा धक्का आहे. तिथल्या १४ क्रमांकाच्या इमारतीत १९४० साली पोर्तुगालची वाणिज्य वकिलात होती, आणि कॉन्सलचं बिऱ्हाडही तिथेच. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. फ्रान्सचं सरकार हलत हलत बोर्दोला आलं होतं. त्याच्या मागेपुढे बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग आणि पॅरिसमधून निघालेली माणसं मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, तिथे येऊन थडकली. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला स्पेन. स्पेन कुणाला थारा देत नव्हता, फार तर पलीकडे जायला वाट देत होता. आणि वाट मागणाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारत होता, पोर्तुगालचा व्हिसा आहे का? त्यामुळे पारपत्रावरचा एक रबरी शिक्का आणि त्याखालची एक सही यांना त्या दोन आठवड्यांत जी किंमत आली, ती एरवी कुठल्याही कॉन्सलच्या सहीला येत नाही. ही सही होती आरिस्तिदिस द सोझा मेंदिस या चोपन्न वर्षांच्या, मुरलेल्या अधिकाऱ्याची. ब्रिटिश गयाना, ब्राझील, सॅन फ्रान्सिस्को, अँटवर्प अशी त्याची नोकरी फिरलेली. झांझिबारलाही तो होता. तिथे गोव्याहून गेलेल्यांची वस्ती होती, आणि तेव्हा पोर्तुगीज प्रजा असलेल्या त्या गोवेकरांचे कागदपत्र याच कॉन्सलच्या टेबलावर येत.

११ नोव्हेंबर १९३९ चं परिपत्रक क्रमांक १४ त्याच्या हाती होतं. ज्यांचं राष्ट्रीयत्व निश्चित नाही ते, बेवतन झालेले, रशियन, मायदेशातून हाकललेले ज्यू, अशांना लिस्बनच्या परवानगीवाचून व्हिसा द्यायचा नाही, असा त्याचा मथितार्थ. १७ जूनपासून सोझा मेंदिसने हे परिपत्रक बाजूला ठेवलं आणि दारात येईल त्याला व्हिसा द्यायला सुरुवात केली. त्याने बरोबर केलं असं माझं मत आहे. पण या मताची परीक्षा व्हायची तर समोर कच्चा प्रतिवादी नको. ज्याने आयुष्य सरकारी सेवेत काढलं, नियमांवर ज्याची श्रद्धा आहे आणि ती श्रद्धा प्रामाणिक आहे, अशा माणसाचा आवाज समोर हवा. त्या आवाजाला मी रावसाहेब म्हणतो.

रावसाहेब : तुम्ही सुरुवातीलाच गर्दीचं चित्र उभं केलंत, आता आमच्या बाजूचं कोण ऐकणार? पण ऐका. वकिलातीचा शिक्का हा कॉन्सलच्या खिशातला शिक्का नसतो, देशाचा असतो. परदेशातल्या माणसाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायचं की नाही, हा निर्णय सरकारचा. त्या माणसाला खायला कोण घालणार, तो पुढे कुठे जाणार, शेजारच्या राष्ट्राला काय वाटेल, याचा विचार बोर्दोतल्या टेबलावर होत नाही. आदेश पटला नाही तर टिपण लिहावं, वर पाठवावं, उत्तराची वाट पाहावी. तरीही मन मानत नसेल तर राजीनामा द्यावा. खुर्चीही धरायची आणि खुर्चीचा हुकूमही मोडायचा, हे आमच्या सेवेत बसत नाही.

मी : रावसाहेब, तुम्ही सांगितलेल्या पायऱ्या मला मान्य आहेत, आणि त्यानेही त्या अगदीच ओलांडल्या नव्हत्या. १३ जूनला त्याने लिस्बनला तार करून तीस जणांसाठी परवानगी मागितली, नकार आला. त्याआधी नोव्हेंबर १९३९ मध्ये आर्नोल्ड विझ्निट्झर या ऑस्ट्रियन प्राध्यापकाला आणि मार्च १९४० मध्ये एदुआर्दो नेइरा लापोर्ते या स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्याला त्याने नियमाबाहेर व्हिसा दिला, त्याबद्दल ताकीदही घेतली. म्हणजे वर काय विचार चालतो हे त्याला नीट ठाऊक होतं. आता परिपत्रकाची रचना बघा. ते 'देऊ नका' असं म्हणत नाही, 'आधी विचारा' असं म्हणतं. शांततेच्या काळात यात वावगं काही नाही. पण जून १९४० मध्ये लिस्बनच्या उत्तराच्या आधी जर्मन रणगाडे पोहोचणार होते. अशा वेळी 'आधी विचारा' या दोन शब्दांचा अर्थ नकार एवढाच उरतो. फरक इतकाच की तो नकार कुणाच्याच नावावर चढत नाही. लिस्बन म्हणणार आम्ही अर्ज विचारात घेतला होता, कॉन्सल म्हणणार मी अर्ज पाठवला होता. माझा आक्षेप इथे आहे. तुमच्या शिस्तीची इमारत एका गृहीतकावर उभी असते: वर बसलेल्याला खाली काय चाललंय ते कळतं आणि तो वेळेत उत्तर देतो. हे गृहीतक कोसळलं की आज्ञापालन ही नुसती ढकलाढकली होते. आणि राजीनामा? राजीनाम्याने अधिकाऱ्याचे हात स्वच्छ राहतात हे खरं. पण राजीनामा दिलेल्या माणसाची सही चालत नाही. त्याने १७ जूनला राजीनामा दिला असता तर शिक्का कपाटात गेला असता आणि वकिलातीच्या जिन्यावरची रांग तशीच राहिली असती.

रावसाहेब : एका चांगल्या माणसाच्या बाबतीत हे ऐकायला बरं वाटतं. पण नियम हे चांगल्या माणसासाठी केलेलेच नसतात. आज सोझा मेंदिसच्या सदसद्विवेकाने त्याला व्हिसा द्यायला सांगितलं. उद्या दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याचा सदसद्विवेक त्याला सांगेल की अमुक धर्माच्या माणसाचा अर्ज फाडून टाक. तिसऱ्याचा सांगेल, मेहुण्याला परवाना दे. तिघेही म्हणतील, माझ्या आतल्या आवाजाने सांगितलं. मग तुम्ही कुणाला कुठल्या तोंडाने अडवणार? सामान्य माणसाला अधिकाऱ्याच्या लहरीपासून वाचवायलाच आपण लेखी नियम आणले.

मी : ही भीती मला खरी वाटते. लेखी नियम ही गरिबाची ढाल आहे, आणि ती हलक्या हाताने टाकून द्यायची वस्तू नाही. म्हणूनच नियम मोडणाऱ्यांत भेद कसा करायचा, हे सांगता आलं पाहिजे. मी तो भेद सहीवरून करतो. लाच खाऊन परवाना देणारा अधिकारी काय करतो? कागद गहाळ करतो, नोंद मागच्या तारखेची करतो, सही दुसऱ्याची घेतो. आपण नियम मोडला याचा माग राहू नये, ही त्याची सगळी धडपड असते. सोझा मेंदिसने दिलेला प्रत्येक व्हिसा म्हणजे त्याच्याविरुद्ध त्यानेच तयार केलेला पुरावा होता. वकिलातीच्या नोंदवहीत १७ जूनला २४७ आणि १८ जूनला २१६ व्हिसे दिसतात. लिस्बनच्या परवानगीशिवाय दिलेले, तारीखवार, नावानिशी, त्याच्या अधिकारातले. तेव्हाचं एक पारपत्र डोळ्यांसमोर आणा: वर शिक्का, मधे कुणाच्या तरी घाईच्या हातची शाई, खाली त्याचं आडनाव. पूर्ण नाव लिहायला वेळ पुरेना, तेव्हा तो नुसतं 'मेंदिस' लिहू लागला असं सांगतात. जे पारपत्र घेऊन ते कुटुंब स्पेनच्या नाक्यावर उभं राहिलं, तेच पारपत्र पुढे चौकशीत त्याच्यासमोर ठेवता येणार होतं, आणि सही करताना त्याला हे ठाऊक होतं. नियमभंगाची किंमत दुसऱ्याने मोजावी अशी ज्याची व्यवस्था असते तो लहरी अधिकारी. ती स्वतःच्या पगारातून आणि पोराबाळांच्या ताटातून जाणार हे उघड्या डोळ्यांनी पाहून जो सही करतो, त्याला मी सहीचा धनी म्हणेन. तुमच्या दुसऱ्या उदाहरणाबद्दलही बोललं पाहिजे. धर्म बघून अर्ज फाडणारा अधिकारी तुम्हाला नको आहे, मलाही नको. पण या प्रकरणात धर्म बघायला सांगणारं परिपत्रकच होतं. माणसांच्या रांगेतून ज्यू वेगळे काढा, बेवतन वेगळे काढा, हे काम कॉन्सलवर लादलेलं होतं. त्याने राष्ट्रीयत्व, वंश, धर्म यांपैकी काहीही न विचारता सरसकट व्हिसा द्यायचं ठरवलं. सगळ्यांना एक मोजमाप, हे तुमच्या लेखी नियमांचं मूळ तत्त्व आहे. ते त्या आठवड्यात परिपत्रकात नव्हतं, त्याच्या टेबलावर होतं.

रावसाहेब : टेबलाचं बोलता म्हणून विचारतो. तीस हजार व्हिसे, त्यांत दहा हजार ज्यू, हा आकडा वर्षानुवर्षं छापला जातो. नोंदवही तर काही वेगळंच सांगते. शिवाय २० जूनला ब्रिटिश दूतावासाने लिस्बनकडे तक्रार केली की हा कॉन्सल वेळेनंतरच्या कामाचे जादा पैसे लावतो आणि धर्मादाय निधीला देणगी मागतो. घरी चौदा मुलांची आई असलेली पत्नी, बाहेर एका फ्रेंच बाईशी संबंध, तिला दिवस गेलेले. हा तुमचा संत?

मी : संत मी म्हटलेलं नाही, आणि आकड्याच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. तीस हजार ही संख्या कुठल्याही कागदावर उभी राहत नाही. इस्रायलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेशी संबंधित इतिहासकार अव्राहाम मिल्ग्राम यांनी नोंदवही तपासली. १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात बोर्दोच्या वकिलातीतून २,८६२ व्हिसे दिले गेले, त्यांपैकी १,५७५ म्हणजे अर्ध्याहून जास्त ११ ते २२ जून या बारा दिवसांत. यात बायोन आणि आंदाय या सरहद्दीजवळच्या गावी त्याने किंवा त्याच्या सांगण्यावरून दिलेले व्हिसे नाहीत, आणि एका व्हिशावर अख्खं कुटुंबही जाऊ शकत होतं; म्हणून वाचलेली माणसं नोंदींपेक्षा जास्त असणार. पण दहापट, वीसपट नव्हेत. ज्यांना त्याच्याबद्दल आदर आहे त्यांनीच हा फुगवलेला आकडा सोडून द्यायला हवा, कारण फुगा फुटला की लोकांना आतलं खरंही खोटं वाटू लागतं. माझा मुद्दा आकड्यावर उभा नाही. हान्स आणि मार्ग्रेट रे हे ज्यू जोडपं जर्मन सैन्य येण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी सायकलींवरून पॅरिसबाहेर पडलं. सामानात मुलांच्या गोष्टींची हस्तलिखितं होती, त्यांत एका खोडकर माकडाची गोष्ट. 'क्युरियस जॉर्ज' म्हणून ती पुढे जगभर वाचली गेली. त्यांच्या वाटेत पोर्तुगीज व्हिसा होता. ही दोन माणसं एकूण संख्येत दोनच धरायची. पण एका व्हिशामागे काय असतं हे त्यावरून कळतं. पैशांबद्दल म्हणाल तर तक्रार झाली हे खरं आहे. मात्र त्या दिवसांत शुल्क न घेताच व्हिसे दिल्याच्या साक्षीही आहेत, आणि या माणसाने त्या महिन्यात पैसा केला असता तर पुढे लिस्बनमध्ये ज्यू समाजाच्या अन्नछत्रात त्याच्या कुटुंबाला जेवावं लागलं नसतं. तिसरी गोष्ट त्याच्या घरातली आहे. पत्नी आंजेलिनाशी तो अन्यायाने वागला असं मलाही वाटतं. पण त्याने शिक्क्याचा प्रश्न ना सुटतो ना बिघडतो.

रावसाहेब : ठीक. मग आता माझा शेवटचा आणि सगळ्यात जड मुद्दा घ्या. पोर्तुगालचा सर्वेसर्वा सालाझार तुम्हा-आम्हाला गोव्यामुळे ठाऊक, म्हणून त्याच्याबद्दल आपलं मन आधीच कडू. ते क्षणभर बाजूला ठेवा. देश लहान. शेजारी स्पेनचा फ्रँको, नुकतंच यादवी युद्ध जिंकलेला, हिटलरचा ऋणी. जूनअखेरीस जर्मन पिरेनीजला येऊन भिडले. स्पेनने कूस बदलली असती तर पोर्तुगाल आठवड्याभरात संपला असता, आणि मग लिस्बन बंदरातून कुणीच सुटलं नसतं. सालाझारने तटस्थता सांभाळली म्हणूनच तुमच्या कॉन्सलच्या व्हिशाला किंमत होती. आणि जे लोक आत आले त्यांना त्याने परत जर्मनांच्या हवाली केलं नाही. शिवाय नियमात राहूनही माणसं वाचवता येतात. १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये सांपायू गारिदो आणि त्याच्यानंतर ब्रांकिन्यू या पोर्तुगीज राजनैतिक अधिकाऱ्यांनी ज्यूंना आश्रय दिला, तो लिस्बनला कळवून, परवानगी घेऊन. मग बंडखोराचा पुतळा कशाला?

मी : हा मुद्दा खरोखर जड आहे, आणि त्यातला पहिला भाग मी मान्य करतो. पोर्तुगाल तटस्थ राहिला नसता तर लिस्बन हे युरोपचं उघडं दार राहिलं नसतं. निर्वासितांना फिगेरा द फोझ, काल्दास द राइन्या अशा गावांत राहू दिलं, हेही त्या राजवटीच्या जमेच्या बाजूला मांडलं पाहिजे. पण तारखा जुळवून बघा. परिपत्रक क्रमांक १४ हे नोव्हेंबर १९३९ चं आहे. तेव्हा फ्रान्स उभा होता आणि जर्मन सैन्य पिरेनीजपासून शेकडो मैल दूर होतं. म्हणजे जूनमधल्या संकटातून ते परिपत्रक जन्मलं नाही; परके, बेवतन, ज्यू नकोत हे आधीच ठरलेलं होतं. संकट आल्यावरही ते धोरण सोडलं नाही, एवढंच जूनमध्ये घडलं. माद्रिदमधला पोर्तुगीज राजदूत तेओतोनियो पेरेरा सरहद्दीवर आला, या कॉन्सलचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याने ठरवलं आणि त्याचे व्हिसे रद्द समजावेत असं स्पॅनिश अधिकाऱ्यांना कळवलं. त्यानंतर जे नाक्यावर पोहोचले त्यांना परत फिरावं लागलं. जे आधी पोहोचले ते पोर्तुगालात शिरले, आणि त्यामुळे तटस्थता मोडली नाही, फ्रँकोने आक्रमण केलं नाही, उलट निर्वासितांना आसरा देणारा देश म्हणून पोर्तुगालचं नाव झालं. सोझा मेंदिसने आपल्या बचावात हेच मांडलं होतं: माझा हेतू या लोकांना वाचवण्याचा होता, आणि यात देशाची अब्रू वाढेल. हे भाकीत त्याच्या वरिष्ठांच्या भाकितापेक्षा खरं ठरलं. गारिदो आणि ब्रांकिन्यू यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. गारिदोच्या घरावर तर छापा पडला आणि त्याच्या आश्रयाला असलेल्यांसाठी तो झगडला. पण १९४४ म्हणजे कुठलं साल? जर्मनी हरणार हे दिसू लागलं होतं, ज्यूंचं काय होतंय हे जगाला कळलं होतं, लिस्बनला होकार द्यायला राजकीय कारण होतं. १९४० मध्ये ते कारण नव्हतं. परवानगी मिळाली तेव्हा परवानगीने वाचवणं हे कौतुकाचंच काम. प्रश्न ती मिळत नव्हती त्या जूनचा आहे.

गोवा मात्र बाजूला ठेवा असं म्हणालात ते मी ऐकणार नाही, कारण हाच वाद एकवीस वर्षांनी आपल्या दारात पुन्हा झाला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर होतं. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा याला सालाझारची तार आली. तह नाही, युद्धकैदी नाहीत. पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एक तर जिंकतील नाहीतर मरतील, असा तिचा आशय. गव्हर्नरच्या हाताखाली साडेतीन हजारांच्या आसपास माणसं होती, विमानदल नव्हतंच म्हटलं तरी चालेल. १९ डिसेंबरला त्याने शरणागतीवर सही केली. लिस्बनने त्याला सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला त्याची पत परत मिळाली. आता रावसाहेब, तुमच्या कसोटीने या माणसानेही हुकूम मोडला. तुम्ही त्याला दोषी धराल? पणजीतल्या, मुरगावातल्या कुठल्या घराने त्याला दोषी धरावं? मरणारे पोर्तुगीज सैनिक होते, भारतीय जवान होते आणि मधे गोवेकर होते. हुकूम देणारा हजारो मैलांवर होता, जमिनीवरचं त्याला दिसत नव्हतं, आणि दिसत असतं तरी त्याने तोच दिला असता. दोन्ही वेळी तार धाडणारा माणूस एकच. दोन्ही वेळी खालच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने सही केली आणि पुढचं भोगलं.

रावसाहेब : वासालु इ सिल्व्हाला मी दोषी धरणार नाही, हे कबूल करतो. पण हुकूम मोडला म्हणून चौकशी व्हायलाच नको होती, असं म्हणाल तर मी तुमच्याबरोबर नाही. सोझा मेंदिसची फाईल तुमच्याकडे आली असती तर तुम्ही काय शेरा मारला असता?

मी : चौकशी व्हायला हवी होती. त्यानेही ती टाळली नाही. जुलैत तो पोर्तुगालला परतला आणि उत्तर दिलं. पण चौकशीत काय झालं तेही बघा. त्याच्याच सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या शिस्तपालन मंडळाने सगळे आरोप पाहून पदावनतीची शिफारस केली. अंतिम निर्णय परराष्ट्रमंत्र्याचा, आणि त्या खात्याचा मंत्री तेव्हा सालाझार स्वतःच होता. म्हणजे परिपत्रक त्याच्या खात्याचं, तारा त्याच्या खात्याच्या, आणि निवाडाही त्याचा. ३० ऑक्टोबर १९४० ला त्याने मंडळाची शिफारस पुरेशी मानली नाही: एक वर्ष अर्ध्या पगारावर कामाविना, आणि नंतर सक्तीची निवृत्ती. या निवाड्यानंतरही सोझा मेंदिसला काही पैसे मिळत राहिले असं अभ्यासक दाखवतात, तेही नोंदवून ठेवू. पण कर्जं फिटली नाहीत, काबानास द विरियातु गावचं वडिलोपार्जित घर हातचं गेलं, मुलं एकेक करून परदेशी निघून गेली. १९५४ मध्ये लिस्बनच्या फ्रान्सिस्कन रुग्णालयात तो वारला तेव्हा खात्याच्या लेखी तो शिक्षा झालेला अधिकारी होता. याद वाशेमने १९६६ मध्ये त्याला गौरवलं. त्याच्या स्वतःच्या देशाच्या संसदेने त्याच्यावरचे आरोप मागे घेऊन त्याला मरणोत्तर राजदूतपद दिलं ते १९८८ मध्ये. मंडळाने सुचवलेली पदावनती आणि संसदेने दिलेली पदोन्नती यांत अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

माझा शेरा विचाराल तर मी लिहीन: परिपत्रक १४ चा भंग सिद्ध आहे, अधिकाऱ्याने तो नाकारलेला नाही, नोंदवहीतली प्रत्येक नोंद त्याच्याच अधिकारातली आहे. परिपत्रक २४ तासांत मागे घ्यावं. अधिकाऱ्याला ताकीद द्यावी, आणि शिक्का व शाई घेऊन लगेच बायोनला पाठवावं, तिथल्या जिन्यावर अजून माणसं उभी आहेत.